घरबसल्या प्रॅक्टिशनर

नेरूळच्या सेक्टर सहामध्ये, सारसोळे गावाकडे पाठ करून उभ्या असलेल्या सिडकोच्या चार मजली इमारतीत राजेश्वरी कणसे यांचे घर शोधायला पत्ता लागत नाही. एका हातात जिन्याचा कठडा आणि दुसऱ्या हातात रिपोर्टची पिशवी धरून कोणी वर चढत असेल, तर त्याच्या मागोमाग जावे. तो दुसऱ्या मजल्यावर ज्या दारापुढे दम घ्यायला थांबेल, तेच ते घर.

राजेश्वरी एका खासगी रुग्णालयात चौदा वर्षे परिचारिका होती. इमारतीत तिला कोणी वहिनी म्हणत नसे, काकू म्हणत नसे. लहानथोर सगळे सिस्टर म्हणत. ती ड्युटीवरून येऊन चपला काढते न काढते तोच बैठकीच्या खोलीत तीनचार रुग्ण चहा पीत बसलेले असत. त्यांना नंबर देण्याचे काम तिच्या सासूबाई, शालन, करीत. साताऱ्याकडच्या चालीप्रमाणे राजेश्वरी सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणे. आत्यांचा कारभार चोख होता. रक्तदाबवाले सोफ्यावर, साखरवाले खुर्चीवर, आणि ज्यांना नुसते बोलायचे आहे ते दिवाणावर, अशी त्यांनी वाटणी केली होती. "आमची सून निम्मी डॉक्टर हाय," असे त्या प्रत्येकाला सांगत. उरलेले निम्मे कुठे राहिले, हे विचारण्याचा अविवेक कोणी करीत नसे, कारण तपासणी फुकट होती.

ते उरलेले निम्मे राजेश्वरीला मात्र फेब्रुवारीतल्या एका दुपारपासून टोचत होते. तिच्या वॉर्डात एका वृद्ध रुग्णाचा श्वास जड होऊ लागला. काय होते आहे हे तिला कळले, काय करायला हवे हेही कळले. डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णापाशी अडकले होते. त्यांचा आदेश मिळेपर्यंत बावीस मिनिटे गेली. तेवढ्या वेळात रुग्णाला उठवून बसवणे, ऑक्सिजन लावणे आणि पुन्हा पुन्हा फोन करणे, यापलीकडे जाण्याची तिला मुभा नव्हती. रुग्ण वाचला. नातेवाइकांनी डॉक्टरांना पेढ्यांचा पुडा दिला आणि त्यातला एक पेढा तिलाही मिळाला. तो तिने खिशात टाकला. घरी येऊन गणवेश धुवायला काढला, तेव्हा खिसा चिकट लागला आणि तिच्या मनाने घेतले, की आता शिकायचे.

शिकायचे होते ते नर्स प्रॅक्टिशनरचे. परिचारिकेने पुढचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन रुग्णाला स्वतः तपासायचे आणि आखून दिलेल्या चौकटीत उपचाराचा निर्णयही घ्यायचा, असे ते काम. योगायोगाने रुग्णालयात नवा अतिदक्षता विभाग उभा राहत होता आणि व्यवस्थापनाला तिथे अशी एक परिचारिका हवी होती. मेट्रन क्रांती मॅडमनी राजेश्वरीला बोलावून घेतले. या बाई कमी बोलत, आणि बोलून झाले की चष्मा काढून ठेवत. तो काढला की समोरच्याने निघावे, असा संकेत होता.

"शिक्षण-रजेचं पत्र एकीलाच मिळणार आहे, आणि ते तुला द्यायचं मी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "पण पत्रात संस्थेचं नाव लिहावं लागतं. एकदा लिहिलं की बदलत नाही. मागे एकीनं बदलून मागितलं, तर विश्वस्तांनी पत्रच रद्द केलं. महिनाअखेरच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मला नाव हवं."

"कुठलं लिहू, मॅडम?"

"मला विचारशील तर खारघरच्या पुढे ते शिक्षण-रुग्णालय आहे. दोन वर्षं तिथेच राबायचं, तिथेच शिकायचं. पण तुझं घर तुला ठाऊक." आणि त्यांनी चष्मा काढला.

घर तिला ठाऊक होतेच. म्हणून चहाच्या सुट्टीत तिने मोबाइलवर शोध घेतला, तेव्हा 'घरबसल्या नर्स प्रॅक्टिशनर व्हा' ही जाहिरात तिला आपल्यासाठीच कोणी लिहून ठेवल्यासारखी वाटली. जाहिरातीतली परिचारिका एका हाताने लॅपटॉप चालवत होती, दुसऱ्या हाताने मुलाला भरवत होती आणि तरीही हसत होती. राजेश्वरीने माहितीचा अर्ज भरला. त्यात पर्यायी मोबाइल क्रमांक सक्तीचा होता. तिथे तिने सासऱ्यांचा टाकला.

चहा संपायच्या आत पहिला फोन आला. संध्याकाळपर्यंत अकरा आले. दुसऱ्या दिवशी ती फोन उचलीना, तेव्हा देशोदेशींच्या विद्यापीठांनी आपला मोर्चा हौसेरावांकडे वळवला.

हौसेराव कणसे म्हणजे तिचे सासरे. पाटण तालुक्यातून मुंबईला आलेले, आणि चौतीस वर्षे तुर्भ्याच्या धान्य बाजारात पाठीवर पोती वाहून शेवटी टोळीचे मुकादम होऊन निवृत्त झालेले. फोनवर पलीकडून कोणी "सर, आपल्याला ग्रॅज्युएट प्रोग्रॅममध्ये इंटरेस्ट आहे का?" असे विचारले, की ते शांतपणे विचारत, "माल कुठला हाय?" विद्यापीठ अमेरिकेचे आहे, असे उत्तर येई. "आन् गोडाऊन?" हा त्यांचा दुसरा प्रश्न असे, आणि त्यावर बहुतेक समुपदेशक सिग्नल गेल्याचे सांगत.

आठवड्याभरात घरातल्या प्रत्येकाने आपापली संस्था पसंत केली. राजेश्वरीची मुलगी तेजश्री, जी आता दहावीत जाणार होती, तिला ज्या विद्यापीठाकडून टोपीचे जाकीट मिळते ते आवडले. आत्यांची पसंती ॲस्टोरिडा ग्लोबल युनिव्हर्सिटीला होती. तिथून नमिता नावाची एक मुलगी रोज साडेअकराला फोन करी.

"लई गुणाची पोर हाय," आत्या म्हणाल्या. "मला आई म्हणती. काल माझ्या गुडघ्याचं इचारलं तिनं. तुज्या नणंदेनं सहा महिन्यांत इचारलं न्हाई."

राजेश्वरीचा नवरा उदयसिंह रबाळ्याच्या एका कारखान्यात भांडारात कामाला होता. नट, बोल्ट आणि वॉशर यांच्या याद्या करून करून त्याची अशी ठाम समजूत झाली होती, की जगातली कोणतीही गोष्ट रकान्यांत बसवली की तिचा निकाल आपोआप लागतो. त्याने संगणकावर एक तक्ता केला. डावीकडे सतरा संस्थांची नावे आणि वर पाच रकाने. पहिला रकाना होता, 'घराबाहेर जावे लागेल काय'. त्याला एकूण गुणांपैकी निम्मे गुण होते. दुसरा, 'वर्ग रात्री साडेनऊनंतर आहेत काय'. तिसरा, 'रविवार मोकळा राहील काय'. चौथा, 'नाव परदेशी वाटते काय'. पाचवा, 'परीक्षा पुस्तक उघडून देता येते काय'.

"काय शिकवतात, त्याचा रकाना कुठंय?" राजेश्वरीने विचारले.

"अगं, ते तर तू बघशीलच की," उदयसिंह म्हणाला. "तुझ्या शिक्षणात आम्ही कशाला ढवळाढवळ करू?"

तो हे मनापासून म्हणाला. या घराचा राजेश्वरीच्या शिक्षणाला विरोध नव्हता, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. उलट सगळ्यांचा भरभक्कम पाठिंबा होता. तिने शिकावे, मोठे व्हावे, दारावर पाटी लागावी. फक्त सकाळची पोळी-भाजी, दुपारचे साखरवाले, तेजश्रीचा अभ्यास आणि रात्रीची ओट्याची आवराआवर यांना धक्का लागू नये. ही एवढी अट पाळून जगातले कोणतेही ज्ञान संपादन करायला तिला मोकळीक होती. तक्त्यात ॲस्टोरिडाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण पडले. क्रांती मॅडमनी सांगितलेल्या शिक्षण-रुग्णालयाला चार पडले. तेही रविवार अर्धा मोकळा होता म्हणून.

आणि खरे सांगायचे तर राजेश्वरीलाही त्या अठ्ठेचाळीस गुणांचा मोह पडला होता. तिचे वय अडतीस. दोन वर्षे पुन्हा विद्यार्थिनी होऊन कोणा पंचविशीच्या पोरीबरोबर वॉर्डात उभे राहायचे, घराची घडी मोडायची, आणि तेजश्रीच्या दहावीतच. त्यापेक्षा हे बरे. एकच शंका तिच्या मनातून जात नव्हती. ती तिने नमिताला फोनवर विचारली.

"रुग्णाजवळचे तास कुठे करायचे? कुणाच्या हाताखाली?"

"मॅडम, ते फ्लेक्झिबल आहे."

"म्हणजे?"

पलीकडे कागद सळसळला. मग तोच आवाज, पण वाचून दाखवल्यासारखा: "आमच्या प्रोग्रॅममध्ये सगळंच फ्लेक्झिबल आहे, मॅडम."

राजेश्वरीने शुक्रवारी त्याच संस्थेचे नाव द्यायचे जवळजवळ नक्की केले. जवळजवळ म्हणायचे, कारण ते सांगायला तिने तोंड उघडण्यापूर्वीच ते जाहीर झाले होते.

झाले असे. आत्या सारसोळ्याला मासळी आणायला गेल्या, तिथे त्यांना रूपेश भेटला. रूपेशची आजी मिठागरात राबली, बापाने जमिनीच्या मोबदल्यातून इमारत बांधली आणि रूपेशला आता नगरसेवक व्हायचे होते. प्रभागातल्या कोणाचे काही बरे झाले, की तो त्याचा फलक लावी. दहावी पास झालेल्यांचे फलक लावून संपले होते, नवे निकाल यायला अवकाश होता आणि बस थांब्याजवळची लोखंडी चौकट महिनाभर रिकामी होती. अशा अडचणीच्या वेळी त्याला शालनकाकी भेटल्या.

"काकी, सिस्टर आता परदेशातली डॉक्टरीन होनार हाय म्हनं?"

"घरात बसून," आत्यांनी अभिमानाने दुरुस्ती केली.

बुधवारी सकाळी राजेश्वरी ड्युटीला निघाली, तेव्हा बस थांब्यावर आपण स्वतःच उभे आहोत असे तिला दिसले. दहा फूट रुंदीचा फलक होता. 'आपल्या प्रभागाची शान, सौ. राजेश्वरीताई कणसे यांची आंतरराष्ट्रीय नर्स प्रॅक्टिशनरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर तीन वंदनीय नेते, मध्ये हात जोडलेला रूपेश, खाली चौदा शुभेच्छुक, आणि अगदी उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी राजेश्वरी. तो फोटो कोणाच्या तरी हळदीकुंकवातून कापून घेतला होता. तिच्या खांद्यावर एक बांगड्या भरलेला हात शिल्लक राहिला होता आणि त्या हाताचे पुढे काय झाले ते कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी इमारतीच्या ग्रुपवर एकशे बारा अभिनंदने आली. सोसायटीच्या सचिवांनी दारावरच्या पाटीचा मजकूर विचारला. दिवाणावरची, म्हणजे नुसते बोलायला येणारी मंडळी सोफ्यावर सरकली. उदयसिंहच्या भांडारात त्याला साहेबांनी स्वतःहून चहा पाजला.

रुग्णालयात क्रांती मॅडमनी तिला बोलावले. त्या बेलापूरहून येत आणि त्यांचा रस्ता त्याच थांब्यावरून होता.

"अर्ज भरायच्या आत निवड झाली?" त्यांनी विचारले. "विद्यापीठ कार्यक्षम दिसतंय."

राजेश्वरी फलक कोणी लावला ते सांगू लागली.

"मी फलकाबद्दल बोलत नाहीये. ते लोक उद्या माझ्या रिटायरमेंटचाही लावतील. मी एवढंच विचारते, उद्या रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवताना तुला काय ऐकू येतंय हे शेजारी उभं राहून कुणी तपासलेलं असेल का? असेल तर लिही ते नाव. मी सही करीन." चष्मा निघाला.

घरी आल्यावर तिने हे कोणालाच सांगितले नाही. पण तिने डाळीत दोनदा मीठ घातले आणि हौसेरावांनी ताट बाजूला सारून तिच्याकडे पाहिले. इतके दिवस ते या प्रकरणात फोन उचलण्यापुरतेच होते.

"सूनबाई, तुज्या मनात काय हाय ते बोल."

"मामा, मला कळत नाही. सगळं छान दिसतंय. माहितीपुस्तक छान, बोलणं छान. पण आत काय आहे ते दिसत नाही."

हौसेराव उठले आणि कपाटाच्या वरून त्यांनी एक कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. ती बंबी होती. पोत्याच्या पोटात खुपसून मधले धान्य बाहेर काढायची, टोकाला निमुळती आणि पन्हळीसारखी पोकळ, हातभर लांबीची नळी. निवृत्त होताना टोळीने त्यांना शाल, श्रीफळ आणि ही बंबी दिली होती.

"चौतीस वर्सं बगितलं," ते म्हणाले. "पोत्याच्या तोंडाला नेमी चांगलाच दाणा असतो. तोंडाचा माल बगून सौदा करणारा गिऱ्हाईक आमी लांबनं वळखायचो. ही मधात घालायची. जे निगंल त्येच्यावर बोलायचं. तुज्या त्या कालेजाचा मधला दाणा कुणी बगितलाय?"

"कॉलेजात बंबी कशी घालणार, मामा?"

"तितनं शिकून निगालेला एक माणूस बगायचा. त्येंनी दावलेला न्हवं. आपुण काढलेला."

माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर, भिंग लावून वाचावे अशा अक्षरात, ॲस्टोरिडाच्या भारतातल्या कार्यालयाचा पत्ता होता. तो रबाळ्याचा निघाला. उदयसिंह ज्या गल्लीत रोज डबा खायचा, तिच्या पलीकडच्याच गल्लीत हे परदेशी विद्यापीठ होते, आणि त्याला पत्ता नव्हता.

गुरुवारी राजेश्वरीची सुट्टी होती. दुपारी सासरे आणि सून एनएमएमटीच्या बसने रबाळ्याला गेली. हौसेरावांनी इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी आणि बाजारात लिलावाला जाताना असे तसला कोरा चेहरा घातला होता. बंबी घरी ठेवायला राजेश्वरीने त्यांना मोठ्या मुश्किलीने राजी केले होते.

तळमजल्यावर पुठ्ठ्याची खोकी तयार होत होती. जिन्याने वर गेल्यावर काचेचे दार, पृथ्वीचा गोल आणि त्यामागे एक हसतमुख तरुणी.

"सर, काउन्सेलिंग फक्त फोनवर होतं," ती म्हणाली.

"बरं की. आमी फोनच बगाय आलोय," हौसेराव म्हणाले आणि आत शिरले.

आत एक लांब खोली होती. चाळीसएक मुले-मुली कानाला यंत्र लावून एकाच वेळी चाळीस घरांना भविष्य देत होती. भिंतीवर 'स्मित आवाजात ऐकू येते' असे लिहिले होते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्राध्यापक यांपैकी काही दिसले नाही. एका कोपऱ्यात पाण्याचे यंत्र होते आणि त्याला रांग होती. देखरेख करणारा एक टायवाला युवक लगबगीने पुढे आला.

"काका, काय हवंय आपल्याला?"

"तुमच्याकडनं शिकून प्रॅक्टिशनर झालेला एक माणूस दावा. येकच."

"आमच्याकडे टेस्टिमोनियल व्हिडिओ आहेत, काका. बसा, मी टीव्ही लावतो."

"व्हिडिओ नगं. हाताला लागंल असला दावा."

टायवाल्याने यावर बराच वेळ स्मित केले. ते आवाजात ऐकू आले नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी कानाचे यंत्र गळ्यात उतरवून उभी राहिली. तिचा आवाज राजेश्वरीने लगेच ओळखला. रोज साडेअकराला आत्यांच्या गुडघ्याची चौकशी करणारा आवाज होता तो.

"सर, माझा ब्रेक आहे. मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली, आणि त्यांना घेऊन खाली चहाच्या टपरीवर आली.

हौसेरावांनी तीन चहा सांगितले आणि आपला प्रश्न पुन्हा विचारला. नमिताने ग्लास खाली ठेवला.

"बाबा, मीच केलाय हा कोर्स," ती म्हणाली. "पहिल्या बॅचला. त्याआधी मी स्टाफ नर्स होते, सात वर्षं."

"मंग पेशंट कुटं हायती तुजे?"

तिने मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिले. राजेश्वरीला पुढचे ऐकण्याआधीच कळले, आणि आपल्याला कळले याचे तिला वाईट वाटले.

"पुस्तकाचा भाग वाईट नव्हता, सिस्टर. खोटं नाही बोलत," नमिता सांगू लागली. "पण पेशंटजवळचे पाचशे तास आपले आपण शोधायचे होते. शिकवणारा डॉक्टर आपण शोधायचा, हॉस्पिटल आपण शोधायचं. नऊ ठिकाणी गेले. कुठलं विद्यापीठ विचारायचे. नाव सांगितलं की चहा पाजायचे आणि नंतर कळवतो म्हणायचे. शेवटी यांनी सांगितलं, व्हिडिओवर केसेस बघा, त्याचे तास धरू. धरले. डिग्री आली. नोंदणीला गेले तर तिथे कुणी धरेना ते तास. नोकरी तर कोर्ससाठी सोडलेली. मग यांनीच विचारलं, तुम्हाला प्रोग्रॅमची चांगली माहिती आहे, आमच्याकडे काम करता का?"

"आणि हे फोनवर का नाही सांगितलंस?" राजेश्वरीने विचारले. तिच्या आवाजात धार आली होती.

"फोनवर कोणी विचारतच नाही, सिस्टर. दिवसाला ऐंशी फोन करते. सगळ्यांचा एकच प्रश्न: घरातून होईल ना? तो नवरा विचारतो, सासू विचारते, बाई स्वतः विचारते. होतं की घरातून. त्यात काय खोटं आहे?" तिने चहाचा घोट घेतला. "तासांचं दोन वर्षांत एकट्या तुम्ही विचारलंत. तेव्हा फोन रेकॉर्ड होत होता. मला कागदावरचंच बोलावं लागलं. माझं नाव कुठं घेऊ नका."

हौसेरावांनी चहाचे पैसे दिले. निघताना त्यांनी नमिताच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हातारीचा गुडगा आता बरा हाय," ते म्हणाले. "तरीबी फोन करत जा."

बसमध्ये तुर्भ्याचा बाजार मागे पडल्यावर हौसेराव एवढेच म्हणाले, "दाणा वाईट न्हवता. पोतं वाईट."

शुक्रवारी सकाळी नाश्त्याला सगळे घर जमले असताना राजेश्वरी म्हणाली, "मी मॅडमनी सांगितलेल्या रुग्णालयाचं नाव देणार आहे. दोन वर्षं सकाळी साडेसहाला निघावं लागेल. महिन्यातनं आठ-दहा रात्री तिकडे."

उदयसिंहने, ज्याला रागावता येत नसे आणि म्हणून जो अशा वेळी पुरावा सादर करी, संगणक उघडून तिच्यापुढे केला. "मला काही अडचण नाही. पण हे बघ. त्याला पन्नासपैकी चार आहेत. मी नाही, तक्ता म्हणतोय."

"फलकाचं काय?" आत्या म्हणाल्या. "समद्या सेक्टरानं वाचलाय. आता लोकास्नी काय सांगू, सून बस पकडून शिकाय जाती म्हणून?"

"आई, माझी दहावी," तेजश्री म्हणाली.

राजेश्वरी कधी चढ्या आवाजात बोलत नसे, आताही बोलली नाही. तिने हात पुसले, खुर्ची ओढून घेतली आणि विचारले, "अहो, रकाना काढून टाकायचा कसा?"

"कुठला?"

"पहिला."

उदयसिंहने सवयीने, प्रश्नाचा अर्थ ध्यानात यायच्या आत, बोट ठेवून दाखवले. तिने ती कळ दाबली. पहिला रकाना गेला. मग तिने मोकळ्या जागेत नवे शीर्षक लिहिले, 'शिकवणारा शेजारी उभा असतो काय', आणि त्याला निम्मे गुण दिले. सोळा संस्थांपुढे शून्य आणि मॅडमनी सांगितलेल्या रुग्णालयापुढे पूर्ण पंचवीस मांडून झाल्यावर बेरीज आपली आपण बदलली. चार गुणवाले नाव एकोणतीसवर जाऊन सर्वांत वर बसले आणि ॲस्टोरिडा तेवीसवर उतरले.

उदयसिंहने पडद्यावरचे आकडे बोटांवर पुन्हा मोजून पाहिले. बेरीज बिनचूक होती. बिनचूक बेरजेशी भांडायचे त्याच्या धंद्यात बसत नव्हते.

"तक्ता म्हणतोय," राजेश्वरी म्हणाली आणि डबा भरायला उठली.

संध्याकाळी पाचला दहा मिनिटे असताना तिने क्रांती मॅडमच्या टेबलावर नाव लिहिलेला कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, सही केली, आणि त्या दिवशी चष्मा काढायला विसरल्या.

प्रवेश परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात राजेश्वरी खारघरच्या पुढे जाऊ लागली. तिथे तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाई तिच्याहून सहा वर्षांनी लहान आहेत आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तिला एकाच रुग्णाची छाती चार वेळा ऐकायला लावली. चौथ्या वेळी तिला जे ऐकू आले, ते चौदा वर्षांत ऐकू आले नव्हते, असे ती म्हणते. घरी उदयसिंहने स्वयंपाकाचा नवा तक्ता केला आहे. त्यात त्याच्या स्वतःच्या वाट्याला मंगळवारची खिचडी आणि तिची देखरेख आली आहे. पोळ्यांना बाई लावली. तेजश्री स्वतःच्या अभ्यासाला स्वतः बसते. म्हणजे बसलेली दिसते.

फलक हौसेरावांनीच उतरवला. एके दिवशी पहाटे फिरायला जाताना त्यांनी पोते ओढायचा आपला जुना आकडा बरोबर नेला आणि चार कोपऱ्यांच्या चार दोऱ्या तोडल्या. उन्हाळ्याच्या कामाला आलेला एवढा मोठा, जाड, पाणी न धरणारा कागद टाकून देणे आत्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यांनी तो गच्चीवर अंथरला, चारही टोकांना विटा ठेवल्या आणि गव्हाच्या कुरडया घालायला घेतल्या.

रूपेश त्याला शोधत तिथे पोचला, तेव्हा ऊन तापले होते.

"काकी, माजा बॅनर इथं हाय व्हय? परवा सायबांचा वाढदिवस, चौकट भरायची हाय. आन् काय ओ, सिस्टर रोज बसनी जाताना दिसतान. त्यांचं तर घरबसल्या होतं ना?"

आत्यांनी सोऱ्या बाजूला ठेवला आणि कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"घरबसल्यावाल्या फोनापाशी बसत्यात, बाबा," त्या म्हणाल्या. "आमची पेशंटापाशी बसती. सांग सगळ्यास्नी."

रूपेशने खाली पाहिले. तीन वंदनीय नेत्यांवर कुरडया होत्या, चौदा शुभेच्छुकांवर होत्या, त्याच्या स्वतःच्या जोडलेल्या हातांवर दोन मोठ्या वाळत होत्या. फक्त उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी जागा आत्यांनी मोकळी सोडली होती.